पत्र्याला भोक न पाडता जुन्या गाडीला डावा आरसा

वडोदऱ्यात चार दरवाजाच्या गर्दीतून जुनी पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर काढताना खरी धास्ती डावीकडून घुसणाऱ्या स्कूटरची असते, आणि नेमका त्याच बाजूला अनेक गाड्यांना आरसा नसतो. कुठलाही गॅरेजवाला दारात दोन भोकं पाडून पाच मिनिटांत आरसा लावून देईल. पण भोकाच्या कडेचा रंग उडतो, पावसाचं पाणी दाराच्या आत उतरतं आणि गंज आतून धरतो. रंगाला फुगवटा दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो.

त्यापेक्षा दाराच्या कडेला पकडणारा क्लॅम्पचा आरसा घ्या. स्टीलची छोटी पकड आणि आतल्या बाजूने आवळायचे दोन ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू), एवढाच त्याचा जीव. स्क्रू एम४ (४ मिमी जाडीचे) असतील तर २ मिमीची अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी चावी, लागेल. पकड शक्यतो स्टेनलेसची बघा. नुसता क्रोम चढवलेल्या लोखंडी पकडीवर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ओघळ येतात. काच किंचित फुगीर घ्या. डावा आरसा डोळ्यांपासून लांब असतो, सपाट काचेत रस्त्याची चिंचोळी पट्टीच दिसते. फुगीर काचेत मागची गाडी आहे त्याहून लांब वाटते, याची सवय करावी लागते.

जागा दाराशी उभं राहून ठरवू नका. स्टिअरिंगवर बसा आणि कुणाला तरी हातआरसा घेऊन डाव्या दाराच्या पुढच्या कडेने खाली-वर सरकवायला सांगा. त्रिकोणी काचेची उभी पट्टी मधे येत नाही ती जागा मास्किंग टेपने खुणावा.

आता दार आणि बॉडी यांच्यामधली फट मोजायची, कारण पकड तिथेच बसते. कणकेची छोटी गोळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खुणेवर ठेवा, दार हळूच लावा, उघडा आणि दबलेल्या गोळीची जाडी मोजा. पकडीच्या पत्र्यापेक्षा ती निदान १ मिमी जास्त हवी. दार पूर्ण उघडूनही पाहा, कारण बिजागरीकडची कड उघडताना आत वळते आणि पकड मडगार्डला घासू शकते. जुन्या ‘डुक्कर’ फियाटची पुढची दारं मागे बिजागरी असलेली. तिथे हीच कड दर वेळी आपटते, म्हणून फट आणखी सढळ ठेवा.

कड पुसून कोरडी करा. बाहेरच्या, रंगाच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा एकच थर द्या. आतून स्क्रूच्या टोकाखाली अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी सरकवा, नाहीतर टोक पत्र्यात रुततं. दोन्हीकडे जाड रबर घालायचा मोह होतो आणि तिथेच बहुतेकांचं बिघडतं: रबर दबत-उसळत राहतं, आरसा थरथरतो, मागची गाडी दोन-दोन दिसते. स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा. आरसा हाताने हलेनासा झाला की थांबा; त्यापुढे जोर लावला तर पत्र्याची घडी चेपते. सुमारे ५० किमी गाडी फिरली की पुन्हा एकदा आवळा, कारण रबर तोवर बसलेलं असतं.

दुहेरी चिकटपट्टीच्या वाटेला मात्र न गेलेलं बरं. पुट्टीवर रंग मारलेल्या दारावर ती धरते तीच मुळी रंगाला. काढताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो, आणि मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की पट्टी ढिली पडण्याची भीती वेगळीच.

आरशाची दिशा लावायला दोघं लागतात, उजवीकडून हात पोचत नाही. काचेच्या आतल्या कडेला आपल्या गाडीची बोटभर कड दिसावी, रस्त्याची दूरची रेघ मधोमध यावी. मग आरसा ज्यावर फिरतो त्या गोळ्याच्या सांध्याचा स्क्रू घट्ट करा.

शेवटी दार लावून पकडीवर पाण्याचा पाइप दोन मिनिटं धरा. आतल्या कडेला ओल आली, तर पकड दाराच्या रबराला दाबते आहे. ती बोटभर वर किंवा खाली सरकवा आणि कणकेची गोळी पुन्हा लावून पाहा.