पावसाळ्यात जलरंग फसला? कागद फाडू नका
कोकणात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की जलरंगातले बरेच घोटाळे हाताचे नसतात. कोणता घोटाळा कशामुळे झाला, हे मात्र फसलेल्या कागदावरच वाचता येतं.

आकाशात फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या कडांचा डाग उमटलाय? पहिला थर अर्धवट ओला असताना ब्रशमधलं जास्तीचं पाणी त्यावर गेलंय. मे महिन्यात झटकन वाळणारा थर जुलैत रत्नागिरी-मालवणकडे कितीतरी जास्त वेळ घेतो. ओली चकाकी गेली म्हणजे कागद वाळला असं नाही. हाताची पालथी बाजू हलकेच टेकवा. गार लागलं तर थांबा.

रंग जागच्या जागी शोषला जाऊन गडद ठिपके दिसत असतील तर दोष कागदाचा. ओलीने आणि बुरशीने त्याचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच मुरू नये म्हणून कागदाला दिलेली खळ, गेलेलं असतं. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडजूड, महागडा कॉटन कागदही यातून सुटत नाही. नवं चित्र सुरू करण्यापूर्वी कोपऱ्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब सोडा. तो लगेच आत मुरला तर तो कागद चारकोल किंवा पेन्सिलीसाठी ठेवा. चांगले कागद सिलिका जेलच्या पुड्या घालून झिपच्या पिशवीत ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

फसलेल्या कागदामागे पेन्सिलीने तारीख, कागदाचा प्रकार आणि दोन थरांमधला वेळ लिहा. वेगळी वही कुणी पुन्हा उघडत नाही.