पॉनचं (एकाच फायबरमधून अनेक घरांना इंटरनेट देणाऱ्या नेटवर्कचं) ट्रेनिंग देताना आधी हिशोब, मग मीटर हातात द्या
सरकारी नेटवर्कसाठी टेक्निशियनची बॅच शिकवायची असेल तर पहिल्याच दिवशी स्प्लायसिंग मशीन (फायबर जोडायचं) काढू नका, आधी लॉसचा, म्हणजे वाटेत प्रकाश किती कमी होतो त्याचा, हिशोब करायला लावा. एका फायबरचा प्रकाश ३२ फायबरमध्ये वाटणारा १:३२ स्प्लिटर एकटाच साधारण १७ डीबी खातो, १:८ असेल तर १० च्या आसपास, त्यात फायबर, कनेक्टर धरून ओएनटीला (ग्राहकाच्या घरातल्या डब्याला) किती प्रकाश पोचायला हवा ते आधी कागदावर काढायचं आणि मगच प्रकाश मोजायचा मीटर लावायचा, १४९० नॅनोमीटर तरंगलांबीवर बरं का, नाहीतर रीडिंग चुकतं. आकडा जुळला नाही की पोरं लगेच फायबर तुटली म्हणतात, पण बऱ्याचदा कनेक्टर घाण असतो किंवा हिरव्या (तिरक्या टोकाच्या) कनेक्टरमध्ये निळा (सरळ टोकाचा) घुसवलेला असतो. दोन्ही मुद्दाम करून दाखवा. आणि चालू फायबरमध्ये डोळा लावून बघायचं नाही, प्रकाश दिसत नसला तरी डोळ्याला इजा करू शकतो.