पार्टिशन करताना गडबड झाली आणि कॉम्प्युटर सारखा रीस्टार्ट होतोय? आधी डेटा, मग बूट

आत्याच्या लॅपटॉपला एकच सी ड्राइव्ह होता, आतेभावाने ठरवलं की डी ड्राइव्ह करून द्यावा म्हणजे फोटो वेगळे राहतील, एक फुकटातलं पार्टिशन टूल (डिस्कचे भाग पाडणारं) टाकलं, अप्लाय दाबलं, लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. बॅटरी केव्हाच मेलेली, लॅपटॉप चार्जरवरच चालायचा. लाईट आल्यावर बघतो तर कंपनीचा लोगो येतो, खाली गोल गोल फिरतं, पापणी लवायच्या आत निळं काहीतरी चमकतं आणि परत लोगो. रात्रभर तेच. आत्याच्या क्लासच्या १२ वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात होत्या म्हणून मी दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेलो. तिथे जे केलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण अशा वेळी लोक घाबरून सरळ फॉरमॅट मारतात आणि वाचू शकला असता तो डेटा जातो.

पहिलं म्हणजे तो सारखा रीस्टार्ट होतोय तर होऊ देऊ नका, पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा. दरवेळी विंडोज चालू व्हायचा प्रयत्न करतं तेव्हा डिस्कवर काहीबाही लिहितं, आणि पार्टिशनचा घोळ झालेल्या डिस्कवर नवीन लिहिणं म्हणजे जुनं पुसणं. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुढचं काही करूच नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आता बघायचं की नेमकं कुठे येऊन रीस्टार्ट होतंय. लोगो यायच्या आधीच होत असेल तर पार्टिशनचा संबंध नाही, रॅम किंवा पॉवरचा प्रॉब्लेम असणार. लोगोनंतर पार्टिशन टूलचीच काळी स्क्रीन येते, अर्धवट टक्के दाखवते, एरर देते आणि रीस्टार्ट, असं असेल तर टूलचं अर्धं राहिलेलं काम दरवेळी परत सुरू होतंय. आणि आत्याच्या लॅपटॉपसारखं निळं चमकत असेल तर त्या निळ्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचायला हवं. त्यासाठी लोगो दिसला की पॉवर दाबून बंद, असं दोन-तीन वेळा करा, विंडोज १० आणि ११ मध्ये मग रिपेअरची स्क्रीन आपोआप येते, तिथे ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि यादी आली की ९ दाबा, म्हणजे एरर आल्यावर आपोआप रीस्टार्ट होणं बंद होतं. आमच्याकडे इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस आलं, म्हणजे विंडोज सुरू झालं पण स्वतःचं पार्टिशन त्याला सापडलं नाही. हीच एरर बायोसमधला (विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंग्जमधला) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलला तरी येते, त्यामुळे घाबरून कुणी बायोसमध्ये हात घातला असेल तर आधी ते पूर्वीसारखं करा.

रिपेअरची स्क्रीनच येत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून निदान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह करून घ्या (पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं). बूट मेनूसाठी (कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी) डेल, लेनोवो, एसरला बहुतेक वेळा एफ १२, एचपीला एफ ९, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. इन्स्टॉल नाऊ दाबायचं नाही, रिपेअर युअर कॉम्प्युटर (नव्या विंडोज ११ च्या पेन ड्राइव्हवर रिपेअर माय पीसी) निवडायचं.

पुढचं सगळं त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करायचंय, पण तो उघडायच्या आधी बिटलॉकरचं (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) बघून घ्या. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो, मग ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाईलवरून लॉगिन करून बघता येते, कागदावर उतरवून ठेवा.

आता डेटा. कमांड प्रॉम्प्टमध्ये नोटपॅड टाइप करून एंटर मारा (कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, मी बोलल्यासारख्या लिहितोय). नोटपॅड उघडलं की फाइल, ओपन, खाली ऑल फाइल्स निवडा, आणि त्या छोट्या खिडकीतच सगळे ड्राइव्ह दिसतात. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर जाऊन पेस्ट. कॉपी होताना टक्के वगैरे काही दिसत नाही, खिडकी अडकल्यासारखी वाटते, बंद करू नका. आमच्याकडे प्रश्नपत्रिकांच्या फोल्डरला चाळीस मिनिटं लागली, आत्या शेजारी खुर्ची घेऊन बसली होती आणि एक फाइल उघडून दाखवल्यावरच उठली. एक लक्षात ठेवा, इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, तुमचा सी इथे डी दिसेल, आत विंडोज आणि युजर्स फोल्डर दिसला की तोच तो.

ड्राइव्ह दिसतच नाही किंवा रॉ (आतलं काही वाचता येत नाही असा) दाखवतो? मग पार्टिशनची नोंद गेलीय किंवा फाइल सिस्टम बिघडलीय. फॉरमॅट करायचं का विचारलं तर नाही म्हणा. लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून टेस्टडिस्क नावाचं फुकट टूल चालवा, ॲनालाइज, मग क्विक सर्च. जुनं पार्टिशन सापडलं की त्यावर पी दाबून आतल्या फाइल्सची नावं वाचा, नीट दिसली तरच राइट करा, म्हणजे ती नोंद डिस्कवर लिहा. मात्र पार्टिशन सरकवताना मध्येच बंद पडलं असेल तर अर्धा डेटा जुन्या जागी आणि अर्धा नव्या जागी असतो, तिथे बूट रिपेअरने काही होत नाही, मिळतील त्या फाइल्स काढून घेणं एवढंच हातात असतं.

डेटा हातात आला की बूट, म्हणजे विंडोज सुरू करणं. कमांड प्रॉम्प्टमध्येच डिस्कपार्ट उघडा, लिस्ट डिस्क द्या. जीपीटीच्या खाली स्टार (*) दिसला तर मशीन यूईएफआयवालं, म्हणजे नव्या पद्धतीने बूट होणारं आहे. सिलेक्ट डिस्क ०, मग लिस्ट व्हॉल्यूम, त्यात १०० ते २६० एमबीचं फॅट ३२ असलेलं छोटं व्हॉल्यूम शोधा, ते निवडून असाइन लेटर बरोबर एस, मग एक्झिट. आता बीसीडीबूट, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, एस कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, यूईएफआय (सी च्या जागी तुमच्या विंडोजचं अक्षर). बूट फाइल्स तयार झाल्या असा मेसेज आला की झालं. बरेच जण इथे बूटरेक स्लॅश फिक्सबूट सांगतात, ते यूईएफआयवर बऱ्याचदा ॲक्सेस डिनाइड म्हणतं, त्यात वेळ घालवू नका. ते छोटं पार्टिशनच उडालं असेल तर त्या रिकाम्या जागेत क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ बरोबर १००, मग फॉरमॅट क्विक एफएस बरोबर फॅट ३२, अक्षर द्या आणि वरचीच बीसीडीबूटची कमांड. डिस्कपार्टमध्ये क्लीन हा शब्द चुकूनसुद्धा टाइप करू नका, तो न विचारता सगळी पार्टिशन्स उडवतो.

जुनं एमबीआरवालं मशीन असेल (जीपीटीच्या खाली स्टार नसेल) तर बूटरेकच्या फिक्सएमबीआर, फिक्सबूट, रिबिल्डबीसीडी या तिन्ही चालवा. तिथे नेहमीची चूक म्हणजे नव्या पार्टिशनला ॲक्टिव्ह (यावरून बूट हो असं) मार्क करणं, डिस्कपार्टमध्ये ते निवडून इनॲक्टिव्ह करा आणि सिस्टम रिझर्व्ड (विंडोजने बूटसाठी ठेवलेलं छोटं पार्टिशन) असेल त्याला ॲक्टिव्ह करा.

टूलच्या काळ्या स्क्रीनवाल्या केससाठी वेगळं. कमांड प्रॉम्प्टमध्ये रेजएडिट (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) उघडा, एचकी लोकल मशीन निवडा, फाइल, लोड हाइव्ह (हाइव्ह म्हणजे त्या नोंदवहीची फाइल), आणि तुमच्या विंडोज फोल्डरमधल्या सिस्टम ३२ च्या कॉन्फिगमधली सिस्टम नावाची फाइल घ्या, काहीही नाव द्या. आत कंट्रोलसेट ००१, कंट्रोल, सेशन मॅनेजर, तिथे बूटएक्झिक्यूट. त्यात ऑटोचेक ऑटोचेके स्टार एवढी एकच ओळ हवी (दुसऱ्या शब्दाचं स्पेलिंग आधीच तिथे दिसेल, त्याला हात लावू नका), टूलने घातलेली ओळ काढा, मग अनलोड हाइव्ह करून रीस्टार्ट.

आत्याचा लॅपटॉप बीसीडीबूटनेसुद्धा पहिल्या झटक्यात उठला नाही, चेकडिस्क स्लॅश एफ चालवल्यावर तिसऱ्या वेळी लॉगिन स्क्रीन आली. डी ड्राइव्ह तिला हवाच होता, म्हणून नवी बॅटरी आल्यावर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी श्रिंक (लहान) केला. तिथे आधी जेमतेम ३ जीबी जागा दाखवत होतं, म्हणूनच आतेभाऊ दुसऱ्या टूलकडे गेला होता, पण ती अडवणूक बऱ्याचदा हायबरनेशन आणि पेजफाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल) अशा न हलणाऱ्या फाइल्समुळे असते. पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ करून आणि पेजफाइल तात्पुरती बंद करून रीस्टार्ट केल्यावर श्रिंकने पुरेशी जागा दिली, आणि नंतर दोन्ही परत चालू केलं.