निवेदक खोटं बोलू दे, पण मिठाची चव खरी ठेवा

फँटसी लिहिणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी हा मोह होतोच, की गोष्ट सांगणाराच खोटारडा निघाला तर? मलाही झाला होता. माझ्या पहिल्या कादंबरीच्या ड्राफ्टमध्ये मी शेवटच्या प्रकरणात फोडलं की हा माणूस सुरुवातीपासून थापा मारत होता, लढाई तशी झालीच नव्हती, ड्रॅगन तर नव्हताच, आणि मला वाटलं वाचणारे उडतील. ज्या दोघांना वाचायला दिलं होतं त्यांचे चेहरे पडले. एकाने विचारलं, मग जादू पण खोटी का? ती नदी पण खोटी का? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्या प्रश्नावर विचार करता करताच मला हे सगळं हळूहळू समजत गेलं.

बघा, नेहमीच्या जगातल्या गोष्टीत कोणी म्हणालं की आज सूर्य पश्चिमेला उगवला, तर वाचणारा लगेच सावध होतो, कारण सूर्य त्याच्या ओळखीचा आहे. फँटसीत तुम्ही तीन सूर्य उगवलेत तरी तो मान डोलावून पुढे वाचतो. त्या जगाबद्दल त्याला जे काही माहितीये ते सगळं तुमच्या निवेदकाच्याच तोंडून आलंय, बाहेर जाऊन पडताळायची सोयच नाही. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा सल्ला हा, की जगाचे नियम पक्के ठेवा आणि घटना डळमळीत करा. दोन्ही एकदम हलवलंत तर वाचणाऱ्याला पाय टेकायला जागाच उरत नाही आणि तो शोधायचं सोडून देतो.

हे प्रत्यक्षात कसं करायचं ते दाखवतो. समजा तुमच्या जगात असा नियम आहे की जादू केली की पुढचे सात दिवस त्या माणसाला मिठाची चव लागत नाही. हा नियम आधी दोनदा, अगदी साध्या प्रसंगांत, जिथे कोणाला खोटं बोलायचं काही कारणच नाही अशा ठिकाणी दाखवून टाका. मग तुमची नायिका सांगते, त्या रात्री मी टेकडीवर पाऊलही ठेवलं नाही, धुकं आपोआप उतरलं. बरं. पाच-सहा पानांनी छावणीत जेवण चाललंय, आचाऱ्याच्या हातून सूपमध्ये मीठ दोनदा पडलंय, आणि ती लिहिते, ‘भूक कडकडून लागली होती, मी वाडगा रिकामा केला, बाकीच्यांनी आपापले वाडगे खाली ठेवलेले मला उशिरा दिसले.’ बस, एवढंच. पुढे एक शब्दही समजावून सांगायचा नाही. ज्याने नियम लक्षात ठेवलाय तो तिथेच थबकतो, आणि ज्याच्या लक्षात नाही आलं तो दुसऱ्यांदा वाचताना ओरडतो. खोटं पकडायचं साधन तुम्ही वाचणाऱ्याच्या हातात आधीच दिलेलं असलं पाहिजे, त्याशिवाय ती फसवणूक होते, गोष्ट नाही.

अविश्वसनीय निवेदक हा शब्द रूढ केला वेन बूथ या समीक्षकाने, १९६१ मध्ये, पण तुम्हाला थिअरीपेक्षा एक गोष्ट जास्त कामाला येईल: निवेदकाला खोटं का बोलावं लागतंय ते एका वाक्यात लिहून भिंतीला चिकटवा. लाज, भीती, प्रेम, गादीवरचा हक्क, काहीही चालेल, फक्त ‘ट्विस्ट हवा होता’ हे कारण चालत नाही. आणि सरळ खोटं कमीत कमी वापरा. नरो वा कुंजरो वा जास्त टिकतं, म्हणजे प्रत्येक शब्द खरा पण ऐकणाऱ्याचा समज चुकीचा. काही निवेदक तर खोटं बोलतच नाहीत, ते लहान असतात, किंवा कोणाच्या तरी प्रेमात असतात, त्यांना समोरचं दिसतं पण त्याचा अर्थ लागत नाही. मला स्वतःला हेच सगळ्यात जास्त आवडतात.

खोटं बोलण्याच्या कारणाचं सुंदर उदाहरण इंग्रज फँटसी लेखक टॉल्किनकडे आहे. १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये गॉलम नावाचा गुहेतला प्राणी, नायक बिल्बोशी चाललेल्या कोड्यांच्या खेळात पैज म्हणून स्वतःहून आपली जादूची अंगठी द्यायला तयार होतो. पुढच्या कथेत त्या अंगठीचं महत्त्व इतकं वाढलं की गॉलम ती कोणाला देईल हे शक्यच राहिलं नाही, म्हणून १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण बदललं. पण जुनं प्रकरण त्याने फेकून दिलं नाही, तर बिल्बोनेच आधी खोटं सांगितलं होतं, अंगठी आपल्या हक्काची वाटावी म्हणून, असं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्या पुढच्या कथेत जोडून घेतलं. म्हणजे लेखकाची दुरुस्ती ही पात्राची थाप झाली, आणि ती थाप अंगठी माणसाचं काय करते याचा पहिला पुरावा झाली! तुमच्या ड्राफ्टमध्ये दोन प्रकरणं एकमेकांशी जुळत नसतील तर एक खोडायच्या आधी जरा थांबा, हे कोणी मुद्दाम वेगळं सांगितलं असेल का ते स्वतःला विचारा.

आता एकाच घटनेचे दोन-तीन साक्षीदार. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तिघं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि वाचणारा म्हणतो, जाऊ दे, काय ते तुमचं तुम्ही बघा. असं करा की दोन खोट्यांच्या मधल्या फटीतून तिसरं खरं दिसेल. किल्ल्याचं दार रात्री आतून उघडलं गेलं. पहारेकरी म्हणतो मी झोपलो होतो. सेनापती म्हणतो यानेच एकट्याने दार उघडलं. पण शंभर पानांपूर्वी, दुसऱ्याच कसल्यातरी बोलण्यात, पहारेकरी कुरकुरलाय की तो अडसर दोन माणसांशिवाय हलत नाही. म्हणजे दुसरा कोणीतरी होता. आणि सेनापतीची जबानी परत वाचली तर त्यात प्रत्येक माणूस त्या रात्री कुठे होता ते आहे, फक्त त्याच्या मुलाचं नाव नाही. तुम्ही कुठेही सांगितलं नाहीत, पण वाचणाऱ्याला कळलं. साक्षीदारांना वेगळं करायचं तर भाषेपेक्षा नजर वेगळी करा, पहारेकऱ्याला बिजागरीचा आवाज आठवेल, सेनापती डोकी मोजेल.

आणि सगळे ज्यावर एकमत आहेत ते खरंच असेल असंही नाही हं. वीस वर्षांनी एका भाटाने गाणं रचलं की त्या रात्री पौर्णिमा होती, आणि त्यानंतर जो तो पौर्णिमाच सांगतो, कारण सगळ्यांनी गाणं ऐकलंय. फँटसी लेखक जॉर्ज मार्टिनच्या २०१८ च्या ‘फायर अँड ब्लड’मध्ये हा खेळ मोठ्या प्रमाणावर आहे, तिथे धर्मगुरू, दरबारातला विद्वान आणि मशरूम नावाचा विदूषक यांची परस्परविरोधी टिपणं समोर ठेवून त्या जगातलाच एक इतिहासकार इतिहास लिहितो. बघण्यासारखं हे की प्रत्येकाची बाजू आधीच माहिती असल्यामुळे विरोधाने गोंधळ होत नाही, उलट आपण तोलायला लागतो.

फँटसीत एक अडचण फक्त आपल्यालाच येते. तुमच्या जगात सत्य वदवणारा मंत्र असेल, मनं वाचणारे असतील, मेलेल्यांशी बोलता येत असेल, तर वाचणारा पहिलं विचारणार की मग त्याला सरळ विचारत का नाही? याचं उत्तर लिहायला बसण्याआधी ठरवा. मला पटणारं उत्तर म्हणजे मंत्र खरं ओळखत नाही, त्या माणसाला काय खरं वाटतंय तेवढंच ओळखतो. जपानी लेखक अकुतागावाच्या १९२२ च्या ‘झुडपात’ या कथेत एकाच मृत्यूबद्दल वेगवेगळ्या जबान्या आहेत, तिथे तर मेलेला माणूसही, आत्मा अंगात येणाऱ्या माध्यमाच्या तोंडून, आपली जबानी देतो आणि तीही बाकीच्यांशी जुळत नाही. मेल्यावरही माणसाला आपली बाजू असते, हे किती जबरदस्त आहे!

लिहिताना एक वेगळी वही ठेवा, त्यात खरं काय घडलं ते तारीखवार, कोण कुठे उभं होतं आणि तिथून त्याला काय दिसूच शकत नव्हतं, सगळं. पुस्तकात यातलं अर्धंही येणार नाही पण तुम्हाला माहिती असलं पाहिजे. शेवट मोकळा ठेवायचा असेल तरी कुठल्या दोन शक्यता मोकळ्या आहेत हे ठरलेलं हवं. मग दोन-तीन जणांना वाचायला द्या आणि आवडलं का हे विचारू नका, त्या रात्री नक्की काय झालं असं तुला वाटतं एवढंच विचारा. सगळे एकच सांगायला लागले तर पुरावे जास्त झालेत, थोडे काढा. कोणालाच काही सांगता येत नसेल तर आणखी एक मिठाचा वाडगा हवाय. आणि दोघं तावातावाने भांडायला लागले, पान काढून एकमेकांना ओळ दाखवायला लागले, तर तो ड्राफ्ट आता फार हलवू नका.