पिनबॉल आर्केडला पहिल्यांदा जाताना: आधी गोळी थांबवायला शिका

पहिल्या खेपेला मी जुन्या गेमच्या आर्केडमध्ये, म्हणजे खेळायची मशिनं मांडून ठेवलेल्या जागेत, दोन तासांत तीसेक मशिनं खेळले आणि बाहेर पडल्यावर त्यातलं एकही धड आठवेना. आता मी एका भेटीत चारच निवडते, दोन पिनबॉल आणि दोन व्हिडिओ गेम. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी उडवत गुण मिळवायचा खेळ. या मशिनांवर हात बसायला वेळ लागतो, आणि हात बसल्याशिवाय खरी मजा सुरूच होत नाही.

जमलं तर आर्केड उघडतानाच पोहोचा. पिनबॉल अर्धं कानांनी खेळायचं असतं आणि गर्दीत त्याचा आवाजच ऐकू येत नाही. पैसे एकदाच भरायचे की दर डावाला नाणं टाकायचं, हे दारातच विचारून घ्या. एकदाच भरायचे असतील तर बहुतेक मशिनं नुसतं स्टार्टचं बटण दाबलं की सुरू होतात. पण लगेच खेळायला उभे राहू नका. आधी एक चक्कर मारा, आणि कोणी चांगलं खेळत असेल तर बाजूला उभं राहून त्याचे दोन डाव बघा. अगदी पाठीमागे उभं राहू नका, काचेत तुमचं प्रतिबिंब पडतं आणि खेळणाऱ्याची नजर हटते.

पहिलं पिनबॉल निवडताना आकड्यांची रिळं फिरवून गुण दाखवणारं जुनं मशीन शोधा. त्यात गोळी बेताने पळते आणि कशाला किती गुण ते बहुतेक वेळा खेळाच्या फळीवरच छापलेलं असतं. दुसरं नव्वदच्या दशकातलं घ्या. १९९२ चं ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ दिसलं तर सोडू नका. त्याची वीस हजारांहून जास्त मशिनं विकली गेली, त्यामुळे ते अजूनही पुष्कळ ठिकाणी भेटतं. फ्लिपर म्हणजे गोळी परत वर मारायच्या, बाजूच्या बटणांनी हलणाऱ्या दोन छोट्या पट्ट्या. त्यांच्या खालच्या बाजूला, काचेआड, नियमांचं छोटं कार्ड असतं. ते वाचा. आधी काय मारायचं, हे त्या पाच-सहा ओळींत सांगितलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. नवा माणूस दोन्ही बटणं एकदम दाबत राहतो. मीही तेच करत होते. शेजारच्या मशीनवरचे एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, “गोळी जिकडे येतेय तेवढंच बटण दाबा. आणि दाबून धरा.” मी उजवं बटण दाबून धरलं. गोळी कडेच्या वाटेने घरंगळत आली, उचललेल्या फ्लिपरवर जरा वर चढली, परत खाली आली आणि फ्लिपरच्या मुळाशी असलेल्या खोबणीत जाऊन गप्प बसली. २७ मिलिमीटरची, सुमारे ८० ग्रॅम वजनाची पोलादी गोळी, पूर्ण थांबलेली. तेव्हा पहिल्यांदा मला मान वर करून मशीन नीट बघता आलं, कुठला दिवा लुकलुकतोय ते कळलं.

तिथून नेम धरायचा. बटण सोडलं की गोळी फ्लिपरवरून टोकाकडे निघते. जरा आधी मारलीत तर ती सरळ वर जाते, टोकाजवळ येऊ दिलीत तर तिरपी पलीकडच्या बाजूला जाते. पहिला अर्धा तास फक्त एवढंच करा. गुणांकडे बघूही नका.

मशीनला धक्का देणं ही फसवणूक नाही. १९४७ साली गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनवर फ्लिपर आले. त्याआधी गोळी सुटली की तिला वळवायला हातात धक्का देण्यावाचून फारसं काही नसायचं. गोळी कडेच्या खड्ड्याकडे निघाली की तळहाताने छोटा, आखूड धक्का द्या. उचलून आपटू नका. मशीनच्या पेटीच्या, म्हणजे कॅबिनेटच्या, आत गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक लोलक धातूच्या कड्यात लोंबत असतो. तो कड्याला टेकला की सर्किट पूर्ण होतं, ‘टिल्ट’ची पाटी उजळते, फ्लिपर मरतात आणि गोळी हातची जाते. नवी मशिनं आधी एक-दोनदा इशारा देतात, जुनी देत नाहीत. जोरात धक्का दिला असेल तर पुढची गोळी सोडण्याआधी जरा थांबा, आत लोलक अजून झुलत असतो.

गोळी अडकली तर मशीन बडवू नका. त्यापायी माझा एक चांगला रंगलेला डाव टिल्ट होऊन गेला. नव्या मशीनमध्ये दोन्ही बटणं सोडून थोडं थांबलात तर ते आतली कॉइलं, म्हणजे गोळीला ढकलणारी विद्युतचुंबकं, एकेक करून उडवतं आणि गोळी सोडवायचा प्रयत्न करतं. नाहीच निघाली तर तिथल्या माणसाला बोलवा. आणि काचेवर पेला ठेवू नका, कितीही सपाट वाटली तरी ती उतरती असते.

व्हिडिओ गेममध्ये ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ (१९७९) मूळ कॅबिनेटवरच खेळा. त्याच्या काचनळीत इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावर थेट रेघा ओढतो, ठिपक्यांची जाळी नसते. यानातून झाडलेली गोळी अंधारात ठिणगीसारखी तळपते. घरच्या सपाट पडद्यावर ते तेज मी कधीच पाहिलेलं नाही. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (१९७८) मध्ये शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगात येतात, कारण कमी आकृत्या काढायच्या असल्या की प्रोसेसर लवकर मोकळा होतो. म्हणून शेवटच्यासाठी नेम आधीच पुढे धरून ठेवा. ‘पॅक-मॅन’ची (१९८०) जॉयस्टिक मुठीत आवळू नका, बोटांनी धरा आणि वळण यायच्या किंचित आधी फिरवा. पाठलाग अंगाशी आला की बाजूच्या बोगद्यात शिरा, तिथे भुतांचा वेग मंदावतो. ‘गॅलागा’त (१९८१) आपलं एक यान शत्रूला मुद्दाम पकडू द्या आणि नंतर ते सोडवून आणा, मग दोन यानं जोडीने मारा करतात. हातात शेवटचंच यान असेल तेव्हा मात्र हे करू नका.

निघण्याआधी सकाळच्या पहिल्या पिनबॉलवर परत एक डाव खेळा. फ्लिपरशी आलेली गोळी थांबवायला आता हात आपोआप जातो की नाही ते बघा. व्हिडिओ गेमच्या सर्वाधिक गुणांच्या यादीत तुमच्या नावाची तीन अक्षरं लागली असतील तर फोटो तिथल्या तिथे काढून घ्या. बऱ्याच जुन्या मशिनांची ती यादी रात्री वीज बंद केली की पुसली जाते.