सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय? इंजिनाचं हेड (वरचा भाग) उघडू देण्याआधी एवढं तपासा

निफाड-महाबळेश्वरकडे जानेवारीतल्या पहाटे गाडी सुरू केली की मागून पांढरे लोट निघतात आणि गाडीवाला घाबरतो. बहुतेक वेळा तो धूर नसतोच. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून साधारण लिटरभर पाणी तयार होतं. एरवी त्याची वाफ दिसत नाही, थंडीत दिसते इतकंच. सायलेन्सरच्या तोंडातून पाण्याचे थेंब पडले तरी चिंता नको.

म्हणून पहिली पायरी म्हणजे थांबणं. टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी येऊ द्या, मग दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. वाफ असेल तर हवेत लगेच विरते आणि इंजिन तापल्यावर बंद होते. तापल्यावरही दाट धूर येत असेल, मागे रेंगाळत असेल, तर पुढे वाचा.

दुसरी पायरी वासाची. गाडी उघड्यावर उभी करा, बंद गॅरेजमध्ये हा प्रयोग अजिबात नको, कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. बाजूला उभं राहून अंदाज घ्या. गोडसर वास आला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, जळतंय. डोळे चुरचुरले आणि कच्च्या डिझेलचा वास आला तर डिझेल नीट जळत नाहीये. धुराला निळसर झाक असेल तर ते ऑइल. मग रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो बघायचे, तो वेगळा विषय.

कूलंटचा संशय आला तर सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढू नका. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण सुटताच ते अंगावर उसळतं. कूलंटच्या बाटलीवर पातळीची खूण करा आणि गाडी नीट चालत असेल तर काही दिवस रोज सकाळी बघा. पातळी उतरतेय, पण होज (रबरी नळ्या), वॉटर पंप कोरडे आहेत, केबिनच्या हीटरमधून गळून पुढच्या सीटखालचं कार्पेटही ओलं झालेलं नाही, म्हणजे पाणी इंजिनात जातंय.

आता पुरावे गोळा करायचे. इंजिन सुरू असताना बाटलीत सतत बुडबुडे येतात का? रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळीही टणक लागतो का? डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं का? इथे दोन्ही बाजूंनी फसगत होते. पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय जमते, ती नुसत्या दमटपणाची असू शकते. उलट ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील) चांगलं असंही नाही, कारण पाणी ऑइलमध्ये न मिसळता थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतं. पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढून बघा. बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर पाणी तिथेच शिरतंय.

पक्की खात्री गॅरेजमध्ये होते. रेडिएटरच्या तोंडावर बसवायच्या नळीतलं निळं द्रावण पेट्रोल इंजिनाचा जळका वायू लागला की पिवळं पडतं. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी आले तर गॅस्केट त्यांच्या मधे फुटल्याची शक्यता मोठी. यातली एकही चाचणी न करता कुणी थेट हेड उतरवायला सांगत असेल, तर दुसरा मेकॅनिक शोधा. आणि पुरावे मिळाले असतील तर गाडी चालवू नका, टो करा. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिझेल गाडीत आणखी काही शक्यता असतात. सकाळी धूर, इंजिन थडथडतं आणि काही मिनिटांत सगळं सुरळीत, असं असेल तर आधी हीटर प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू होताना आत उष्णता देणारे प्लग) मोजा. मल्टिमीटरवर चांगला प्लग साधारण एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. धूर दिवसभर टिकत असेल तर डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी काढा, मग डिझेल फवारणारे नोझल तपासून घ्या. कूलंट कमी होतंय पण गॅस्केटच्या चाचण्या चांगल्या येत असतील तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा जळका वायू कूलंटने थंड करणारा भाग) बघायला सांगा. तो आतून फुटला तरी तसाच गोडसर धूर येतो, आणि त्यापायी चांगलं हेड उगाच उतरवलं जातं.

गॅस्केटच गेलं असेल तर ते का गेलं हे आधी शोधा. थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) अडकलेला असतो, पंखा फिरत नसतो, किंवा वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरून रेडिएटर क्षारांनी चोंदलेला असतो. ते तसंच ठेवलं तर नवं गॅस्केटही जाईल. हेड उतरल्यावर सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून त्याचा बाक मोजायला लावा. कंपनीची मर्यादा बहुधा 0.05 ते 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते. त्याहून जास्त असेल तर फेसिंग, म्हणजे हेडचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करणं. तडा आहे का, हे प्रेशर टेस्टवर कळतं; ही टेस्ट फेसिंगच्या आधी करा, नाहीतर तडकलेल्या हेडवर मजुरी वाया. हेडचे आवळताना ताणले जाणारे बोल्ट असतील तर ते नवेच घ्यावे लागतात. ते कंपनीच्या क्रमाने, सहसा मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळतात, अंदाजाने नाही. गळती थांबवणारी पावडर टाकून घेण्याचा मोह टाळा, ती हीटरच्या बारीक नळ्यासुद्धा बुजवते.

कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा, तयार मिसळलेलं असेल तर तसंच. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. हवा राहिली तर इंजिन पुन्हा तापतं. पुढचे काही दिवस सकाळी पातळी बघत राहा. सुरुवातीला थोडी उतरली तर उरलेली हवा निघाली असेल. भरूनही उतरतच राहिली तर गाडी त्याच गॅरेजला परत न्या. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे.