गडावर निघण्याआधी: गाडीतला टेप, कॅसेटी आणि सीड्या

चैत्रात सप्तशृंगी गडावर जायचं असेल आणि गाडीत अजून कॅसेट-सीडी वाजवणारा जुना टेप असेल, तर तयारी आठवडाभर आधी सुरू करा. सुरुवात टेपपासून नको, कॅसेटींच्या खोक्यापासून करा. विकत घेतलेल्या देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी एकीकडे ठेवा आणि घरी भरलेल्या दुसरीकडे. आजीच्या ओव्या, गावातला गोंधळ, बारशाला कुणी हौसेनं भरून ठेवलेली पाळणागीतं, हा दुसरा ढीग गाडीत न्यायचाच नाही. घरच्या चांगल्या डेकवर वाजवून तो कंप्युटरवर उतरवून घ्या, त्याची सीडी करा आणि ती सीडी गाडीत ठेवा. टेप बिघडला तर दुसरा शोधता येतो, पण त्या ओव्या म्हणणारं माणूस आता घरात नसतं. मूळ कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही.

गाडीत न्यायच्या ढिगातून १२० मिनिटांच्या कॅसेटी आधीच वगळा. त्यांची फीत फार पातळ असते. तापलेल्या टेपमध्ये ती ताणली जाते, रोलरला गुंडाळली जाते. ६० मिनिटांची कॅसेट प्रवासाला सगळ्यात भरवशाची, ९० ची चालते. प्रत्येकीच्या खिडकीतून फीत नीट बघा. पावसाळाभर कपाटात राहिलेल्या कॅसेटीत फितीच्या कडेला पांढुरकी बुरशी दिसली, तर ती अजिबात वाजवू नका. ती हेडला, म्हणजे टेपमधल्या फीत वाचणाऱ्या भागाला लागते आणि तिथून बाकीच्या कॅसेटींना. तळाशी मधोमध बारीक पट्टीवर बसवलेली नमद्याची गादी जागेवर आहे का तेही पाहा. ती गळून पडली असेल तर फीत हेडला टेकत नाही आणि आवाज येतो-जातो. सैल वेटोळी पेन्सिलीने आवळा, मग कॅसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढे पळवून परत गुंडाळा.

आता टेप. इथे घाई नको. सफाईला लागणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मिळतं. अत्तर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचं पाणी यांना हात लावू नका. गाडीची चावी काढून घ्या. लांब काडीच्या कापसाला थोडंसं अल्कोहोल लावून तोंडाची झडप उघडी धरा आणि आतलं हेड पुसा. मग शेजारचा बारीक चकचकीत दांडा आणि त्याला टेकणारा काळा रबरी रोलर. रोलर बोटाने फिरवत सगळीकडून पुसा. कापूस तपकिरी निघेल. फितीवरचा लोहाचा थर झिजून तो तिथे साचलेला असतो. कापूस स्वच्छ निघेपर्यंत नवा घेत राहा, नंतर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या.

पहिली कॅसेट गेली तरी चालेल अशीच घाला. आवाज दबका असेल तर हेड अजून मळकं आहे. सूर डुलत असेल तर आतला पट्टा सैल झालाय किंवा रोलर कडक झालाय, हे काम मेकॅनिकचं. कॅसेट परत ढकलणारा किंवा फीत खाणारा टेप दुरुस्त होईपर्यंत चांगली कॅसेट त्यात घालू नका. फीत अडकलीच तर ओढायची नाही. टेप बंद करून रोलर हाताने उलटा फिरवत ती सावकाश सोडवायची.

सीडीचं काम कमी. मऊ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. माहिती गोल रेषेत लिहिलेली असते आणि त्याच दिशेचा ओरखडा जास्त नडतो. छापील बाजू अधिक जपा. माहितीचा थर तिच्याच खाली, पातळ लाखेच्या आड असतो. घरी केलेल्या सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, उन्हात ते सुटतं आणि सीडी आत अडकते. नाव सीडीसाठीच्या मऊ टोकाच्या पेनाने लिहा.

खरी परीक्षा गाडी उभी असताना होते. यात्रेच्या गर्दीत खासगी गाड्या पायथ्याला नांदुरीलाच थांबवतात, वर एसटीने जावं लागतं, आणि तोवर गाडी चैत्राच्या उन्हात बंद राहते. काचांतून आलेली उष्णता आत कोंडते आणि डॅशबोर्ड बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. तिथे पडलेल्या कॅसेटीचं कवच वाकतं, घरी भरलेल्या सीडीचा माहिती धरणारा रंगथर उन्हाने उडतो. म्हणून उतरताना सगळं जाड कापडी पिशवीत घालून सोबत न्या. फारच ओझं होत असेल तर सीटखाली, सावलीच्या बाजूला. स्पीकरजवळ मात्र नको, तिथे चुंबक असतं. आणि चावी फिरवून गाडी बंद करण्याआधी कॅसेट बाहेर काढा. बऱ्याच जुन्या टेपमध्ये चावीने वीज तोडली की रोलर दांड्याला दाबलेलाच राहतो, रबराला खळगा पडतो आणि मग सूर डुलायला लागतो.

संध्याकाळी परत आल्यावर दारं उघडून गाडी निवू द्या, मग कॅसेट घाला. इंजिन बंद ठेवून फार वेळ वाजवू नका, वणीकडे उतरायला बॅटरी हवी. टेपच्या फ्यूजचा आकडा निघण्याआधीच पाहून तसाच एक जादा जवळ ठेवा, त्याहून मोठा कधीच बसवू नका.